शाफ्ट्सबरी : स्वातंत्र्य नेमकं कुणाचं?

मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकपाशी थांबलो होतो. लॉक समजून घ्यायचा, तर ज्याच्या घरी तो राहिला त्या माणसाकडे वळावं लागतं. अँथनी अ‍ॅशली कूपर, म्हणजेच शाफ्ट्सबरीचा पहिला अर्ल.

जन्म १६२१, डॉर्सेटचा. यादवी युद्धात तो आधी राजाच्या बाजूने लढला, १६४४ मध्ये पार्लमेंटकडे गेला, क्रॉमवेलच्या राज्यमंडळात बसला, आणि १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला परत आणणाऱ्यांतही होता. १६७२ मध्ये लॉर्ड चॅन्सलर झाला. पुढच्याच वर्षी पद गेलं. लॉक त्याच्याकडे आला तो १६६७ मध्ये. दुसऱ्या वर्षी यकृताच्या दुखण्यावर लॉकच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया झाली, आणि अर्लसाहेब वाचले.

१६७७ मध्ये त्याने भर सभागृहात सांगितलं : वर्षाहून अधिक काळ तहकूब राहिलेलं पार्लमेंट कायद्याने विसर्जितच झालं. माफी मागेना, म्हणून टॉवरच्या तुरुंगात रवानगी झाली, जवळजवळ वर्षभर. किंग्ज बेंच न्यायालयाकडे दाद मागितली. न्यायालयाने हात वर केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६७९ मध्ये, हेबियस कॉर्पसचा कायदा झाला, आणि त्यामागे शाफ्ट्सबरीचा मोठा जोर होता. आपण ज्याला बंदीप्रत्यक्षीकरण म्हणतो, तेच हे : कैद्याला न्यायाधीशापुढे उभं करा आणि का धरलंत ते सांगा. हा आदेश जुनाच होता. कायद्याने त्यातल्या पळवाटा बुजवल्या.

पण हाच माणूस कॅरोलायना वसाहतीच्या आठ मालकांपैकी एक. तिथल्या १६६९ च्या घटनेत, जिच्या कामात लॉकही होता, प्रत्येक स्वतंत्र माणसाला त्याच्या काळ्या गुलामावर संपूर्ण सत्ता दिलेली आहे. आणि कॅथलिकांच्या कटाची खोटी आवई उठली, निरपराध माणसं फासावर गेली, तेव्हा त्या भीतीचा त्याने राजकारणासाठी पुरेपूर वापर केला.

१६८१ मध्ये राजद्रोहाचा आरोप आला. ज्यूरीने खटलाच उभा राहू दिला नाही. १६८२ मध्ये तो हॉलंडला पळाला आणि जानेवारी १६८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला वारला.

मग याला स्वातंत्र्याचा कैवारी म्हणायचं की ढोंगी? आम्हाला वाटतं, त्याने जपलं ते स्वतःचं आणि स्वतःसारख्यांचं स्वातंत्र्य. पण १७७२ मध्ये काय झालं पाहा. जेम्स सॉमरसेट नावाच्या गुलामाला जमैकाला नेण्यासाठी जहाजावर डांबलं होतं. हेबियस कॉर्पसच्याच आदेशावर त्याला न्यायालयापुढे आणलं गेलं, आणि तो सुटला. न्यायालय तेच, किंग्ज बेंच. शाफ्ट्सबरीच्या कॅरोलायनात मात्र त्याला हे दार उघडं नव्हतं.

लॉकचा मालमत्तेवरचा विचार आपण पुढच्या वेळी घेऊ, तेव्हा हा सॉमरसेट ध्यानात ठेवा.