मॅलॅसेझिया रक्तसंसर्ग (नवजात बालकांतील)

मॅलॅसेझिया प्रजातीची यीस्टवर्गीय बुरशी रक्तात शिरल्याने होणारा दुर्मिळ संसर्ग. तो मुख्यतः अतिदक्षता विभागातील मुदतपूर्व, अतिशय कमी वजनाच्या बालकांत आढळतो. एरवी ही बुरशी जवळजवळ प्रत्येक माणसाच्या तेलकट त्वचेवर निमूटपणे राहते. तिचा उपद्रव फार तर कोंडा किंवा शिबं एवढाच. जन्मानंतर काही आठवड्यांत ती बाळाच्या त्वचेवरही वस्तीला येते.

या बुरशीला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत, त्यामुळे ती बाहेरच्या स्निग्ध पदार्थांवर जगते. ज्या बाळांना तोंडाने दूध पचत नाही त्यांना मोठ्या शिरेतील नळीवाटे (सेंट्रल लाइन) सोयाबीन तेलाचे पायस (इमल्शन) दिले जाते. बाळाला जगवणारे हे पोषण बुरशीलाही आयते मिळते. त्वचेवरून नळीत शिरलेली बुरशी तिथे थर धरते व रक्तात उतरते.

ताप, श्वास मध्येच थांबणे, हृदयाचे ठोके मंदावणे, बिंबाणू (प्लेटलेट) घटणे आणि फुफ्फुसदाह ही लक्षणे दिसतात. कधी नळी तुंबते, आणि शंका यायला तेवढेच निमित्त पुरते. लक्षणे जिवाणुसंसर्गासारखीच असल्याने निदान सहज हुकते. त्यातच मेद नसलेल्या नेहमीच्या संवर्धकात (कल्चर माध्यमात) या बुरशीच्या बहुतेक जाती नीट वाढत नाहीत. संशय असल्यास प्रयोगशाळेला तसे आधी कळवावे लागते. मग संवर्धकावर ऑलिव्ह तेलाचा थर देऊन ती वाढवतात. नळीतून घेतलेल्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली मुकुल फुटलेल्या, बाटलीच्या आकाराच्या पेशी दिसल्या तर निदान लवकर होते. हा रोग वाटतो तितका दुर्मिळ नसावा. न शोधल्यामुळेही तो नोंदींत कमी दिसतो.

उपचारात नळी काढणे सर्वांत महत्त्वाचे. स्निग्ध पायस तात्पुरते थांबवतात आणि अँफोटेरिसिन बी किंवा फ्लुकोनाझोल देतात. कँडिडा या दुसऱ्या यीस्टवर्गीय बुरशीच्या संसर्गात वापरली जाणारी एकायनोकँडिन गटातील औषधे इथे निरुपयोगी ठरतात. वेळीच नळी काढल्यास बहुतेक बाळे बरी होतात.

याच प्रजातीतील मॅ. पॅकिडर्मॅटिस ही जाती मुख्यतः कुत्र्यांच्या कानांत व त्वचेवर राहते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नवजात अतिदक्षता विभागातील या जातीच्या संसर्गाच्या साथीचा माग कर्मचाऱ्यांच्या घरच्या पाळीव कुत्र्यांपर्यंत पोचला. बुरशी कर्मचाऱ्यांच्या हातांवरून आत आली असावी. प्रत्येक बाळाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुणे हा या संसर्गाचा महत्त्वाचा प्रतिबंध होय.