डिझेलमध्ये ओतायची बाटली : एका मिश्रणाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/ गेल्या दिवाळीत मामांनी एक लहानशी बाटली माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या टेम्पोचा पिकअप कमी झाला होता, चढावर काळा धूर येत होता. कुणीतरी सांगितले, टाकी भरताना हे ओता, नोझल साफ होतील. मामा म्हणाले, "तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, आमच्या जुन्या गाडीला हे असले काही कधी लागले नाही. आताच का लागते?" प्रश्न खरोखरच इतिहासाचा होता. हा धागा म्हणजे त्याचे उत्तर.

२/ आरंभ रुडॉल्फ डिझेलपासून. त्याच्या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेटते. १८९२ मध्ये त्याने या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्गच्या कारखान्यात यशस्वी चाचणी झाली. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आली. वाफेची इंजिने याच्या बरीच मागे होती. मात्र सारे यश एका गोष्टीवर अवलंबून होते : इंधनाचा फवारा किती बारीक होतो.

३/ त्या काळी हा फवारा दाबलेल्या हवेच्या जोरावर होई. त्यासाठी इंजिनाशेजारी अवजड कॉम्प्रेसर लागे. म्हणून पहिली डिझेल इंजिने कारखान्यांत आणि जहाजांवर राहिली, रस्त्यावर आली नाहीत. ती संथ आणि दणकट होती, इंधनाबाबत फारशी चोखंदळ नव्हती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर असे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते.

४/ हे चित्र पालटले ते स्टुटगार्टमध्ये. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ मध्ये डिझेलसाठी यांत्रिक पंप विकसित करण्याचे काम हाती घेतले आणि १९२७ मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. कॉम्प्रेसर गेला, इंजिन ट्रकमध्ये मावू लागले. या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांतील फट काही मायक्रॉनांचीच असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या फटीत वेगळे वंगण नाही. जे डिझेल पुढे जाळायचे, तेच वाटेत वंगणाचे काम करते. पुढची सगळी गोष्ट या एका व्यवस्थेभोवती फिरते.

५/ डिझेलमध्ये काहीतरी मिसळण्याची पहिली गरज स्वच्छतेची नव्हती, ज्वलनाची होती. १९३० च्या दशकात डिझेल किती चटकन पेटते हे मोजणारी 'सीटेन' मोजपट्टी रूढ झाली. कमी प्रतीचे इंधन लवकर पेटावे म्हणून त्यात नायट्रेट वर्गातील रसायने मिसळली जाऊ लागली. पुढे थंड प्रदेशांसाठी, डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबू नये म्हणून, वेगळी रसायने आली. यांतील प्रत्येक ॲडिटिव्ह एका ठरावीक अडचणीचे उत्तर होते. एकाच रसायनाने सर्व विकार बरे होत नसत, आजही होत नाहीत.

६/ मग कीटण. नोझलचे टोक थेट ज्वलनाच्या तोंडाशी असते. तेथे उरलेले डिझेल तापते, घट्ट होते, करपते. सूक्ष्म छिद्रांच्या कडेला काजळीचे थर बसतात. फवारा वाकडा होतो, थेंब जाड होतात, जाड थेंब पुरते जळत नाहीत. परिणाम आपल्या ओळखीचे : काळा धूर, घटलेला ॲव्हरेज, हरवलेला पिकअप.

७/ यावरचा उपाय इंजिन ऑइलच्या रसायनशास्त्रातून आला. ऑइलमधील मळी एकत्र बसू नये म्हणून वापरली जाणारी रसायने डिझेलसाठी घडवण्यात आली. त्यांच्या रेणूला एक डोके आणि एक लांब शेपटी असते. डोके कीटणाला चिकटते, शेपटी तेलात रमते. कण सुटतो आणि इंधनाबरोबर वाहून जाऊन जळतो. भांड्यावरचा तेलकटपणा साबण ज्या न्यायाने काढतो, त्याच न्यायाने. म्हणूनच यांना 'डिटर्जंट' म्हणतात.

८/ आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राचे डिझेलशी नाते जुने आहे. साताऱ्यात कूपर यांचा इंजिनांचा कारखाना होता. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विजेची तार पोहोचण्याआधी कित्येक गावांत विहिरीचे पाणी उपसले ते या 'ऑइल इंजिनां'नी. नाशिकच्या सातपूरमध्ये मायकोच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. शहरातील एका चौकाला लोक आजही मायको सर्कलच म्हणतात.

९/ विहिरीवरचे ते इंजिन संथ चालणारे, कमी दाबाचे होते. नोझल खराब झाले तर गावचा मेकॅनिक ते उघडून, घासून, पुन्हा बसवत असे. मामांची जुनी गाडी याच घराण्यातली. आणि तिचे डिझेलही वेगळे होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग.

१०/ गंधक जळले की त्यापासून आम्ल बनते. आम्लवर्षा होते, धुरातील घातक कण वाढतात, धूर शुद्ध करणारी यंत्रणा निकामी होते. म्हणून ते काढणे आवश्यकच होते. स्वीडन यात पुढे होता. १९९१ मध्ये त्याने अतिस्वच्छ डिझेलला करसवलत दिली. त्यातील सर्वोत्तम वर्गात गंधक दहा लाखांत जेमतेम १० भाग. हवेसाठी हा मोठा विजय होता. परंतु थोड्याच काळात वाहनांचे इंधनपंप झिजून बंद पडू लागले.

११/ वरवर पाहता गंधकच वंगण होते असे वाटेल, आणि अनेक मेकॅनिक आजही तसेच सांगतात. ते अर्धसत्य आहे. गंधक काढण्यासाठी रिफायनरीत डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. त्या प्रक्रियेत गंधकाबरोबर ऑक्सिजन व नायट्रोजनयुक्त काही संयुगेही नष्ट होतात. धातूला चिकटून त्यावर पातळ थर धरणारी खरी वंगणे तीच. चौथ्या मुद्द्यातली ती फट आठवा : तिचे रक्षण करणारेच निघून गेले होते.

१२/ उपाय फार महाग नव्हता. मेदाम्ले किंवा त्यांचे एस्टर अत्यल्प प्रमाणात मिसळले की वंगणक्षमता परत येते. ती मोजण्यासाठी एक चाचणी ठरली : ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या डिझेलमध्ये पोलादाची छोटी गोळी पोलादी चकतीवर ७५ मिनिटे घासायची आणि गोळीवर पडलेला झिजेचा व्रण मोजायचा. तो ४६० मायक्रॉनांहून मोठा नसावा. ही मर्यादा युरोपीय मानकात आली, भारतीय मानकातही आली.

१३/ भारताने हाच प्रवास टप्प्याटप्प्याने केला. बीएस-४ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ५० भाग, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये १०. याचा अर्थ असा की मानकाप्रमाणे असलेल्या डिझेलला वंगणक्षमता आधीच दिलेली असते. 'नवे डिझेल कोरडे आहे, बाटली ओतलीच पाहिजे' हा दावा ऐकताना एवढे ध्यानात ठेवावे.

१४/ दरम्यान इंजिनही बदलले. १९९५ मध्ये जपानच्या डेन्सोने ट्रकसाठी आणि १९९७ मध्ये बॉशने मोटारींसाठी 'कॉमन रेल' पद्धत बाजारात आणली. सुरुवातीच्या मोटारींतच इंधनाचा दाब १३५० बार होता. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार असतो. पुढे तो २००० च्या वर गेला. छिद्रे अधिक बारीक झाली, सुई एका फवाऱ्यात अनेकदा उघडझाप करू लागली. धूर घटला, आवाज घटला. मात्र जे कीटण जुन्या नोझलने मुकाट सोसले असते, ते आता इंजिनाची ताकद हिरावू लागले.

१५/ किती थोडे पुरते पाहा. युरोपात डिटर्जंटची परीक्षा घेणाऱ्या एका प्रमाणित चाचणीत डिझेलमध्ये मुद्दाम जस्त मिसळतात, दहा लाखांत केवळ १ भाग. तेवढ्यानेही काही तासांत इंजिनाची ताकद मोजण्याइतकी घटते. चांगले डिटर्जंट असेल तर ती टिकते, किंवा घटलेली परत मिळते. बाटलीचा दावा अगदीच पोकळ नाही, तो इथे सिद्ध होतो.

१६/ पण इतिहास एकाच दिशेने जात नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात इंजेक्टरच्या टोकावर नव्हे, तर आत, सुईवर, नवेच थर सापडू लागले. शोध घेता काही ठिकाणी दोषी निघाली ती ॲडिटिव्हेच. पाइपलाइन गंजू नये म्हणून मिसळलेल्या काही आम्लांचा सोडियमशी संयोग होऊन साबणासारखा थर बनला होता. हलक्या प्रतीच्या काही डिटर्जंटांवरही बोट ठेवले गेले. 'जास्त ओतले तर जास्त साफ होईल' हा हिशेब म्हणूनच चुकतो.

१७/ दोन शत्रू मात्र जुनेच आहेत. पहिला पाणी. टाकी अर्धी रिकामी राहिली की दमट हवेतील बाष्प आत थेंब होऊन तळाशी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात; त्यांचा चिकट साका फिल्टर तुंबवतो. यावर डिटर्जंट चालत नाही. पाणी काढावे लागते, टाकी धुवावी लागते, गरजेप्रमाणे जंतुनाशक वापरावे लागते.

१८/ दुसरा शत्रू भेसळ. मिसळणे हे क्रियापद एकच, हेतू उलटे. अनुदानाचे स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये घातले की नफा होत असे. पण रॉकेल पातळ आहे, त्याची वंगणक्षमता कमी आहे, आणि किंमत पंप व नोझल मोजतात. कधी माणसेही मोजतात. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाच्या काळ्या धंद्याची तपासणी करायला थांबलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. इंधनाच्या शुद्धतेचा इतिहास लिहिताना हे नाव वगळता येणार नाही.

१९/ आता मामांच्या बाटलीकडे. ती मऊ कीटण सोडवू शकते, नवे बसू देत नाही. झिजलेला धातू ती भरून काढत नाही. पाणी, भेसळ, तुंबलेला फिल्टर यांवरही तिचा इलाज नाही. त्यामुळे आधी निदान, मग औषध. बाटलीवर काय आहे ते वाचा : डिटर्जंट, सीटेन वाढवणारे की वंगण? गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्याला परवानगी आहे का ते पाहा. प्रमाण ओलांडू नका.

२०/ मामांनी आधी फिल्टरच्या तळाचे पाणी काढले, मग चारही इंजेक्टर बेंचवर तपासून घेतले. तिघांवर कीटण होते, चौथा झिजलेला निघाला. तिघे साफ झाले, चौथा बदलावा लागला. खर्च बाटलीच्या कितीतरी पट. मामा म्हणाले, "म्हणजे तीन वेळा बाटली खरी, एकदा खोटी." मला वाटते, सव्वाशे वर्षांच्या या इतिहासाचा हिशेबही जवळपास तेवढाच निघतो.