एका खोलीतला गोंगाट

१९८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइड इथे एका कामगाराची कारखान्यातली नोकरी गेली. भरपाई म्हणून जी रक्कम हाती आली, तिच्यातले ३०० पौंड त्याने आपल्या दोन मुलांना दिले. थोरला विल्यम रीड पंचविशीला टेकलेला, धाकटा जिम एकविशीचा, आणि दोघेही बरीच वर्षं बेकारभत्त्यावर दिवस काढत होते. मुलांनी त्या पैशांतून धंदा सुरू केला नाही की कुठला हुन्नर शिकला नाही. त्यांनी घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायचं एक यंत्र आणलं. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, या भावांच्या ‘द जीझस अँड मेरी चेन’ या बँडचा ‘सायकोकँडी’ हा पहिला अल्बम निघाला आणि ब्रिटनमधल्या पर्यायी रॉकचा कान बदलला. भावाभावांच्या बँडविषयी लिहिताना बहुतेक जण रक्ताकडे बोट दाखवतात: एकाच आईबापांची मुलं, म्हणून सूर जुळले आणि म्हणूनच डोकी फुटली. मला हे उत्तर अपुरं वाटतं. आपल्याकडे ‘घराणं’ या शब्दात ‘घर’ आहे ते उगाच नाही. गुरूच्या घरी राहायचं, त्याच्या दिनक्रमात मिसळायचं, वर्षानुवर्षं तेच कानावर पडू द्यायचं, यातून गायकी अंगात मुरते. शिष्य रक्ताचा असो वा नसो. रीड भावांचा उदयही मला रक्तापेक्षा त्या घराची आणि त्या घरात साचलेल्या वेळेची गोष्ट वाटते.

ते घर कुठे होतं, हे आधी पाहायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लासगोच्या दाटीवाटीच्या, पडायला आलेल्या वस्त्यांतून लोकांना बाहेर काढण्यासाठी नवी शहरं वसवायचं ठरलं. १९४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी कायदा केला आणि १९४७ मध्ये ईस्ट किलब्राइड हे स्कॉटलंडमधलं पहिलं नवं शहर म्हणून जाहीर झालं. सरकारी विकास महामंडळाने आखलेल्या रस्त्यांच्या कडेला भाड्याची घरं उभी राहिली, कारखाने आले. चौकाचौकांत इतके वर्तुळाकार वाहतूक-चौक बांधले, की मधे भोक असलेल्या पोलो गोळीवरून लोक या गावाला ‘पोलो मिंट सिटी’ म्हणू लागले. गावात निव्वळ झोपायला येणाऱ्यांचीच वस्ती होती असंही नाही. १९७४ मध्ये इथल्या रोल्स-रॉइस कारखान्यातल्या कामगारांनी चिलीच्या लष्करी राजवटीच्या लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करायला नकार दिला आणि ती इंजिनं चार वर्षं पडून राहिली. असा स्वाभिमान ज्या कारखान्यांच्या आधाराने जगत होता, तो आधारच पुढे सुटत गेला. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला. १९३०च्या दशकानंतर असं प्रथमच घडत होतं. नवं शहर कामासाठी वसवलेलं, आणि काम आटलं की तिथे करण्यासारखं फारसं काही उरत नसे. जुन्या शहराला निदान जुने अड्डे असतात. इथे तरुण मुलगा घरातच राही.

रीड भाऊ जवळजवळ पाच वर्षं असे घरात, एकाच खोलीत राहिले. बाहेरून ती वर्षं रिकामी दिसत असतील. प्रत्यक्षात ते गाणी रचत होते, बँड कसा वाजेल आणि कसा दिसेल यावर बोलत होते, तबकड्या ऐकत होते. एका हाताला न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा खरखरीत आवाज आणि स्टूजेसचा आडदांडपणा. दुसऱ्या हाताला साठच्या दशकातल्या शांग्री-लाज या मुलींच्या गटाची भाबडी, नाट्यमय प्रेमगीतं, फिल स्पेक्टरची भरगच्च वाद्यरचना, बीच बॉइजच्या चाली. या दोन आवडी एका माणसात सहसा एकत्र नांदत नाहीत, आणि नांदल्या तरी चारचौघांत तो एकच सांगतो. चार अनोळखी वादक एकत्र येतात तेव्हा प्रत्येकाच्या आवडीला थोडी कात्री लावूनच तडजोड होते. भावांना ती कात्री लावायची गरज पडली नाही. लहानपणापासून एकमेकांच्या तबकड्या भिंतीपलीकडून नव्हे, त्याच हवेत ऐकलेल्या. कुठल्याच आवडीची लाज उरलेली नव्हती. म्हणूनच ‘सायकोकँडी’मध्ये गोड चाल आणि गिटारचा फीडबॅक एकाच वेळी, एकमेकांना न पुसता उभे राहतात. मंडपातला माइक स्पीकरसमोर आला की जी कर्कश शिट्टी उठते आणि सगळे कानांवर हात ठेवतात, तिलाच या दोघांनी सुरावटीशेजारी हक्काची जागा दिली. अल्बमचं पहिलंच गाणं, ‘जस्ट लाइक हनी’, सुरू होतं ते रोनेट्सच्या ‘बी माय बेबी’तल्या ढोलाच्या ठेक्यावर. १९६३ मधल्या न्यूयॉर्कच्या मुलींचा ठेका स्कॉटलंडच्या बेकार पोरांच्या गोंगाटाखाली वाजतो, आणि उसना वाटत नाही.

त्या ३०० पौंडांत आलेलं यंत्रही या घरगुती पद्धतीला नेमकं बसणारं होतं. १९७९ मध्ये जपानच्या टीअॅक कंपनीने बाजारात आणलेल्या पोर्टास्टुडिओवर साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक घेता येत. आधी ताल, त्यावर गिटार, त्यावर आवाज, त्यावर आणखी एक गिटार. स्टुडिओचं तासाचं भाडं नको, ध्वनिमुद्रक नको, ढोलवाल्याची वाट पाहणं नको. दोन माणसं आणि रिकामी दुपार एवढ्यावर चौघांचा बँड उभा करता येई, आणि नाही आवडला तर पुसताही येई. असं यंत्र हाती पडलेले पुष्कळ तरुण असतील. पण एकट्या माणसाला त्याच्यावर काम करताना ‘हे बरं झालं का’ हे विचारायला समोर कुणी नसतं. इथे कठोर परीक्षक त्याच घरात जेवत होता.

आता रक्ताचा युक्तिवाद तपासू, कारण तो निव्वळ भाबडा नाही. अमेरिकेतल्या एव्हरली बंधूंचे किंवा बीच बॉइजमधल्या तिघा विल्सन भावांचे आवाज एकमेकांत असे विरघळतात, की घशाची घडण सारखी असल्याचा परिणाम नाकारता येत नाही. पण रीड भावांची गाणी या कसोटीवर लावून पाहा. तिथे दोन आवाजांची गुंफण जवळजवळ नाहीच. सहसा जिम गातो, कधी विल्यम. जो गात नाही तो गिटार वाजवतो. म्हणजे रक्ताने जी देणगी सर्वांत सहज मिळाली असती, तीच त्यांनी बाजूला ठेवली, आणि तरीही बँड उभा राहिला. उलट विल्सन भावांच्या गोष्टीतही घर डोकावतंच. १९६१ मध्ये आईवडील मेक्सिकोला गेले, जाताना जेवणखाणासाठी पैसे ठेवून गेले, आणि मुलांनी त्यातून वाद्यं भाड्याने आणली, ही कथा रॉकच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातल्या सुबत्तेत तो सुट्टीचा खर्च होता. ईस्ट किलब्राइडमध्ये तोच पैसा नोकरी गेल्याच्या मोबदल्यातून आला. दोन्हीकडे पहिली गुंतवणूक घराचीच, पण दुसऱ्या घराने ती करताना किती काय पणाला लावलं होतं, याकडे संगीताचे इतिहासकार फार चटकन नजर फिरवतात.

यानंतरचा प्रवास भराभर झाला. शाळकरी वयाचा डग्लस हार्ट बास वाजवायला आला. त्याच्या बासला दोनच तारा होत्या. भावांची गाणी असलेली कॅसेट ग्लासगोतल्या एका आयोजकाकडून बॉबी गिलेस्पी या तरुण वादकाच्या हाती पडली. तिच्या दुसऱ्या बाजूला गायक-गीतकार सिड बॅरेटची गाणी भरलेली होती, आणि तीच पाहून गिलेस्पीने कॅसेट लावली असं सांगतात. त्याने ती लंडनला क्रिएशन रेकॉर्ड्स चालवणाऱ्या ॲलन मॅगी या मूळच्या ग्लासगोकर मित्राला पोचवली. मे १९८४ मध्ये मंडळी लंडनला गेली, जूनमध्ये मॅगीच्या क्लबात वाजवली, नोव्हेंबरमध्ये ‘अपसाइड डाउन’ हे पहिलं गाणं निघालं आणि काही महिन्यांत स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत वर गेलं. एव्हाना मूळचा ढोलवाला जाऊन गिलेस्पीच उभ्याने दोन ढोल बडवू लागला होता. १५ मार्च १९८५ला नॉर्थ लंडन पॉलिटेक्निकमध्ये बँड उशिरा मंचावर आला, जेमतेम वीस मिनिटं वाजवून निघून गेला, आणि खचाखच भरलेल्या सभागृहात तोडफोड झाली. वृत्तपत्रांना मथळे मिळाले. मॅगीने दंगल झाकून ठेवली नाही. तिचं कलेच्या भाषेत समर्थन केलं.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. हा बँड गोंगाटाने, दंगलीने आणि मॅगीच्या बोलघेवडेपणाने मोठा झाला. घर, खोली, पाच वर्षांची तालीम हे सगळं मागाहून रंगवलेलं चित्र आहे, असं कुणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि १९८५ हे एकच वर्ष पाहिलं तर ते खोडता येणार नाही. परंतु पुढची दोन वर्षंही पाहायला हवीत. १९८६ मध्ये गिलेस्पी आपल्या प्रायमल स्क्रीम या बँडकडे निघून गेला. व्यवस्थापक म्हणून मॅगीशीही संबंध तुटला. मारामाऱ्यांना कंटाळून भावांनी लांब कार्यक्रम घ्यायला सुरुवात केली. आणि १९८७च्या ‘डार्कलँड्स’ या दुसऱ्या अल्बममधून तर त्यांनी फीडबॅकच काढून टाकला. ढोलवाल्याच्या जागी ड्रम मशीन आलं. म्हणजे आक्षेप घेणारे ज्या ज्या गोष्टींना यशाचं कारण मानतात, त्या सगळ्या एकेक करून गेल्या. उरले दोन भाऊ, त्यांच्या चाली आणि एक यंत्र. ईस्ट किलब्राइडला होतं तेवढंच. ‘सायकोकँडी’ ब्रिटिश यादीत ३१व्या क्रमांकापर्यंत गेला होता. ‘डार्कलँड्स’ ५व्या क्रमांकावर पोचला, आणि त्यातलं ‘एप्रिल स्काइज’ हे गाणं ८व्या. गोंगाटाने दार उघडलं हे खरं. आत जाऊन बसण्याइतकं सामान मात्र घरूनच आणलेलं होतं.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. त्या काळात ब्रिटनमध्ये बेकार भावंडं घरोघरी होती. सगळ्यांनी काही असा अल्बम केला नाही. शिवाय त्याच ईस्ट किलब्राइडमधून रॉडी फ्रेम आला. त्याच्या अॅझ्टेक कॅमेरा या बँडचा पहिला अल्बम १९८३ मध्येच निघाला, आणि त्यातली गिटार स्वच्छ, उजळ, जवळजवळ उन्हासारखी आहे. गाव एक, काळ एक, आवाज इतका वेगळा. मग गावाने काय घडवलं? माझं म्हणणं असं, की गावाने आणि काळाने आवाज घडवला नाही, फक्त सवड दिली. तीही कुणी मागितलेली नव्हती. त्या सवडीचं काय करायचं हे माणसांनी ठरवलं. फ्रेम एकट्याने लिहीत होता आणि त्याच्या गाण्यांत एका माणसाचं कौशल्य निथळतं. रीड भावांच्या गाण्यांत दोन हट्टी माणसांनी एकमेकांना न हटवता शेजारी जागा दिल्याची खूण आहे. प्रतिभेचा भाग त्यातून वजा होत नाही. पण बेकारभत्ता नसता, भाड्याचं सरकारी घर नसतं, बापाने ‘आधी नोकरी शोधा’ म्हणून पैसे रोखून धरले असते, तर ती प्रतिभा पंचविशीपर्यंत टिकली असती असं मानायला मला आधार दिसत नाही. आज घरभाडं भरण्यासाठी दोन-दोन कामं करणाऱ्या तरुणांना पाच वर्षं गाणी घासूनपुसून बघायला मिळत नाहीत, आणि त्याची हानी मोजली जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

भावांचा बँड म्हटला की ओएसिसचं नाव निघतंच. तोही मॅगीने १९९३ मध्ये ग्लासगोच्याच किंग टट्स या क्लबात ऐकून क्रिएशनकडे आणला. पण तिथली घडण वेगळी होती. लियम गॅलागर मित्रांच्या बँडमध्ये आधीच गात होता, आणि नोएल नंतर स्वतःच्या गाण्यांसह आत आला. एक लिहिणारा, एक गाणारा, अशी कामाची वाटणी पहिल्यापासून होती. जिम आणि विल्यम दोघेही लिहीत, दोघेही गात, दोघेही गिटार वाजवत. वाटणी नसलेलं घर एकत्र असतं तोवर भक्कम असतं. नव्वदच्या दशकात दौरे वाढले, दारू वाढली, आणि ज्या दोघांना एका खोलीत पाच वर्षं काढता आली त्यांना एका मंचावर तास काढणं जड जाऊ लागलं. ‘मंकी’ हा १९९८चा अल्बम रॉक अँड रोलवरच्या प्रेमाची ग्वाही देणाऱ्या गाण्याने सुरू होतो आणि त्याच रॉक अँड रोलचा तिरस्कार सांगणाऱ्या गाण्याने संपतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या हाउस ऑफ ब्लूजमध्ये ऐन कार्यक्रमात भांडण झालं, विल्यम निघून गेला आणि पुढच्या वर्षी बँड संपल्याचं जाहीर झालं.

‘मंकी’वर एक गाणं त्यांच्या धाकट्या बहिणीने, लिंडाने, गायलं होतं. बँड मोडल्यानंतरच्या वर्षांत तिने ‘सिस्टर व्हॅनिला’ या नावाने स्वतःचा अल्बम केला आणि तो २००५ मध्ये आला. एकत्र काम न करणारे दोन्ही भाऊ त्या अल्बममध्ये आहेत. बहिणीसाठी दोघांनी गाणी दिली, वाद्यं वाजवली. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात दोघे पुन्हा एका मंचावर उभे राहिले. ‘मंकी’नंतर एकोणीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ‘डॅमेज अँड जॉय’ हा नवा अल्बम निघाला, तेव्हा बहिणीच्या त्या अल्बममधलं ‘कान्ट स्टॉप द रॉक’ त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित करून त्यात घेतलं, आणि गायला तिलाही बोलावलं.