सेते केदासचे शेवटचे दिवस

आवाज आधी येतो, पाणी मागाहून. ग्वाइरा गावाला पोचायला अजून वेळ आहे, बस लाल मातीच्या रस्त्याने चालली आहे, आणि तुमच्या कानात एक संथ गडगडाट भरू लागला आहे. तारीख १२ ऑक्टोबर १९८२. पाराना नदीच्या अलीकडे ब्राझील, पलीकडे पाराग्वे.

काठावर या. मैलोगणती पसरलेली पाराना इथे कातळाच्या अरुंद घळीत शिरते आणि सात जागी कोसळते, म्हणून हे सेते केदास, सात धबधबे. तुषारांनी सदरा अंगाला चिकटतो. शेजारच्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. जानेवारीत शेवटचं पाहून घ्यायला आलेल्यांच्या गर्दीत इथला झुलता पूल तुटला. ३२ माणसं गेली.

मागे चला, १९६५ मध्ये. याच काठावर ब्राझीलचे सैनिक उभे आहेत, कारण धबधबा कुणाचा याचा निकाल दोन्ही देशांत लागलेला नाही. तो लागला तो असा : २६ एप्रिल १९७३ला ब्राझीलचे मेदिसी आणि पाराग्वेचे स्त्रोएस्नर या दोन हुकूमशहांच्या राजवटींनी करार केला. नदीवर धरण बांधायचं, पाणी दोघांचं, वीज निम्मी-निम्मी, आणि ज्याला आपली वीज पुरी लागत नाही त्याने ती दुसऱ्यालाच विकायची. ज्या धबधब्यावरून भांडण होतं, तो बुडवायचा. हा करार मी जितक्या वेळा वाचला, तितक्या वेळा इथेच अडकलो. पिढ्यान्‌पिढ्या या काठावर राहणाऱ्या गुआरानींची त्यावर सही नाही. 'बुडीत' म्हणजे काय, हे कोयनेकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. इथे एकट्या ब्राझीलच्या बाजूने सुमारे ४० हजार माणसं उठली.

१३ ऑक्टोबर. खाली १७० किलोमीटरवर इताइपु धरणाचे दरवाजे बंद होतात. इताइपु हे नदीतल्या एका लहानशा बेटाचं गुआरानी नाव : गाणारा दगड. पाणी खालून वर चढतं, म्हणून धबधबा आटत नाही, बुटका होत जातो. रोज थोडी उडी कमी, रोज आवाज थोडा बसलेला. झाडांच्या शेंड्यांवर अडकलेली जनावरं होड्यांतून काढली जातात. जलाशय भरायला १४ दिवस पुरतात.

आता पुढे या, २००७ नंतरच्या यंत्रघरात. २० जनित्रं, प्रत्येकी ७०० मेगावॅट. ब्राझीलची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, पाराग्वेची ५०, म्हणून १० यंत्रं एका तालात आणि १० दुसऱ्या. पाराग्वेची उरलेली वीज एकदिश करून सुमारे ८०० किलोमीटरवर साओ पावलोकडे जाते. दोन देशांनी, लढाई न होता, एक नदी इतक्या काटेकोरपणे वाटून घेतली, याचं मोल मला कमी करायचं नाही.

पण आपल्याला परत जायचंय, ग्वाइराला. २७ ऑक्टोबरची रात्र. खिडकीबाहेर सपाट पाणी. खानावळीतली बाई तुम्हाला जेवायला हाक मारते, जन्मभराच्या सवयीने, ओरडून. मग थबकते, आणि तेच हळू आवाजात पुन्हा म्हणते.