वॉर्सा येथील पुरलेलें दफ्तर

१. बखरीपेक्षां समकालीन कागद अधिक विश्वसनीय, हा कै. राजवाडे यांनीं घालून दिलेला दंडक वाचकांस विदित आहेच. परंतु ज्या घटनेंत सांगणारा एकही उरूं नये असा मारणाऱ्यांचा यत्न असतो, तेथें समकालीन कागद निर्माण कसा होतो व लोकांपर्यंत पोंचतो कसा, याचा एक दाखला येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२. इ. स. १९४० च्या नोव्हेंबरांत जर्मनांनीं वॉर्सा शहरांतील यहुदी लोकांस भिंतीआड कोंडलें. त्याच महिन्यांत इमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकारानें शिक्षक, लेखक इत्यादिकांस जमवून एका गुप्त दफ्तराची व्यवस्थित उभारणी आरंभिली. मंडळी शनिवारीं जमत, म्हणून तिचें नांव ‘ओनेग शब्बात’, अर्थात् शब्बाथाचा आनंद. रोजनिश्या, पत्रें, जाहीरनामे, शिधापत्रिका, शाळेंतील मुलांचे निबंध, फार काय, खाऊचीं वेष्टनेंही संग्रहांत घातलीं. क्षुल्लक चिठोरें पुढें किती बोलतें, हें ज्यानें जुने रुमाल सोडले आहेत त्यास सांगावयास नको.

३. इ. स. १९४१ च्या डिसेंबरांत खेल्म्नो येथें विषारी वायूनें यहुद्यांस मारण्यास आरंभ झाला. तेथें प्रेतें पुरण्यास लाविलेला श्लामा बेर विनेर हा १९४२ च्या जानेवारींत निसटून वॉर्सास आला. दफ्तराचे चिटणीस हेर्श वासेर यांनीं त्याची जबानी उतरून घेतली, व तिच्या नकला पोलंडच्या भूमिगत संघटनेच्या हातीं दिल्या. मे महिन्यांत बुंद पक्षाचा अहवाल लंडनकडे गेला. त्यांत मृतांचा आंकडा सात लाख होता. ता. २५ जून रोजीं ‘डेली टेलिग्राफ’नें तो छापिला, परंतु आंतील पृष्ठावर. पहिल्या महायुद्धांतील कित्येक अत्याचारकथा पुढें खोट्या ठरल्या होत्या. त्या अनुभवानें खरी साक्षही संशयित झाली. ता. २२ जुलैस वॉर्सांतील माणसें ट्रेब्लिंका येथें नेण्यास आरंभ झाला. दोस्त राष्ट्रांचा जाहीर निषेध निघाला तो ता. १७ डिसेंबर रोजीं. तोंपर्यंत तेथील बहुतेक वस्ती नष्ट झाली होती.

४. १९४२ च्या ऑगस्टांत इस्राएल लिख्टेनश्टाइन या शिक्षकानें दोन तरुणांच्या साह्यानें दफ्तराचा पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत घालून एका शाळेच्या तळघरांत पुरला. दुसरा भाग १९४३ च्या फेब्रुवारींत दुधाच्या दोन मोठ्या कॅनांत ठेवून तेथेंच पुरला. रिंगेलब्लुम १९४४ च्या मार्चांत मारला गेला. मंडळींपैकीं तिघेच वांचले. त्यांत वासेर होते, म्हणूनच ढिगाऱ्याखालील जागा सांपडली. पेट्या १९४६ च्या सप्टेंबरांत निघाल्या. पाणी शिरून पुष्कळ कागद खराब झाले होते. कॅन १९५० च्या डिसेंबरांत मिळाले. तिसरा भाग अद्याप सांपडलेला नाहीं. उपलब्ध पृष्ठें सुमारें ३५,००० असून तीं वॉर्सा येथील यहुदी इतिहास संस्थेंत आहेत.

५. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कागद स्वतः चालत लोकांपुढें येत नाहीं. लिहिणारा, नकलणारा, नेणारा व जागा जाणणारा, यांपैकीं एक कडी तुटली कीं तो मुका होतो. आणि तो वेळेवर पोंचला तरी ऐकणाऱ्याच्या मनाची तयारी नसेल, तर प्राण वांचत नाहींत; सत्य मात्र वांचतें. संग्राहकाचें कर्तव्य या दुसऱ्या गोष्टीशीं बांधलेलें आहे.