विणकर कोळी आणि बिननावाचा भेक

कोळी जाळं टाकतो, म्हणून त्याला मासेमाराचं नाव पडलं असं आपण सहज धरून चालतो. शब्दाचा माग मात्र नदीवर जात नाही, विणकराच्या घरी जातो. संस्कृतात कौलिक म्हणजे विणकर; विष्णूचं सोंग घेऊन राजकन्येकडे जाणारा पंचतंत्रातला कौलिक तो हाच. प्राकृतात त्याचा कोलिय झाला आणि विणकर व आठ पायांचा जाळेवाला या दोघांनाही चालू लागला. अमरकोशात तंतुवाय शब्दाचंही तेच: एकदा माणसासाठी, एकदा कोळ्यासाठी.

धाराशिवकरांना हे पटायला हरकत नाही. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरचं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. शब्द तेरलाच घडला असं नव्हे. पण ज्या मुलखात घरोघर सूत, तिथे कोपऱ्यातल्या किरट्या प्राण्याला विणकर म्हणणं ओघानंच आलं. माळावरच्या काटेरी झुडपांत काड्या-पानं गुंडाळून एकत्र राहणारा समाजशील कोळी पाहिला, तर आख्खा विणकरवाडाच वाटतो.

भेकाचं, म्हणजे इंग्रजीतल्या 'टोड'चं, नशीब उलटं. अमरकोशात भेक, मंडूक, वर्षाभू, शालूर, प्लव, दर्दुर अशी नावांची चंगळ, पण सगळी एकाच खात्यावर. मराठीतही सरसकट बेडूक. खरं तर पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे टिपत बसणारा तो खरबरीत गडी विहिरीतल्या बुळबुळीत बेडकाहून सरळ वेगळा दिसतो. उड्या आखूड, अंगभर फोड, फोडांच्या टोकांवर काळे ठिपके, डोळ्यांमागे विषाच्या फुगीर ग्रंथी. कुत्र्यानं तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो. प्राणिशास्त्रज्ञ श्नायडरनं १७९९ मध्ये त्याला 'मेलानोस्टिक्टस' म्हटलं ते या काळ्या ठिपक्यांवरून. २००६ पासून त्याची प्रजाती 'दत्ताफ्रायनस', भारतीय संशोधक सुशील कुमार दत्त यांच्या नावानं. गंमत अशी, की कोळ्याला माणसाचं नाव लोकांनी दिलं, भेकाला शास्त्रज्ञांनी.

प्राणिशास्त्रावरच्या मराठी लेखनात 'टोड'साठी भेक वापरतात. नवा शब्द घडवण्यापेक्षा हाच जुना, सुटसुटीत शब्द बोलण्यात आणावा. तुमच्या गावात या खरबरीत बेडकाला खास वेगळं नाव असेल, तर ते मात्र आधी लिहून ठेवा.