क्षार : एका शब्दाचे दोन संसार



मी भाषेचा अभ्यासक. रसायनशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि आज ज्या शब्दाविषयी बोलणार आहे, तो दर्पण कॉलनीतल्या मराठी घरांना चकवणारा आहे. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकात 'आम्ल, आम्लारी व क्षार' असे प्रकरण असते. तेथे क्षार म्हणजे मिठाच्या वर्गातले संयुग. आपल्या नातवाच्या हिंदी पुस्तकात 'अम्ल, क्षारक एवं लवण' असते. तेथे पाण्यात विरघळणारे क्षारक म्हणजे क्षार. आजोबांचा क्षार आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून निपजतो. नातवाचा क्षार त्या आम्लाशीच झुंजतो.

चूक कोणाची? इतिहास म्हणतो, कोणाचीच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षारपाकविधीचा आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून आणि भाजलेल्या शंखशिंपल्यांनी तीव्र करून हा क्षार सिद्ध होई. त्याचा दाह आम्लाने शमतो, हेही तेथे नोंदले आहे. हिंदीने हा अर्थ राखला. मराठीनेही तो टाकलेला नाही. 'खार' हे क्षाराचेच रूप. पापडखार आम्लारिधर्मी, तर 'खारट' म्हणताना जिभेवर मीठच येते. दोन्ही अर्थ बोलीत नांदतच होते. परिभाषा घडविताना दोन भाषांनी एकेक उचलला, इतकेच.

आम्लतेला अंकांचे माप मिळाले ते १९०९ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. सोरेन्सन यांच्या त्या 'पीएच'ला मराठीत 'सामू' हे सुटसुटीत नाव लाभले. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात टिकतो. तो सावरणाऱ्या बफर द्रावणांत कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट ही जोडी प्रमुख. आम्ल वाढले तर बायकार्बोनेट त्याला बांधते. आम्लारी वाढली तर कार्बोनिक आम्ल पुढे येते. जोडीतला एक सरला, की त्या बाजूचा प्रतिकारही सरतो. म्हणूनच परिभाषेत त्याला 'उभयप्रतिरोधी' म्हटले गेले.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. घरची भाषा आणि शाळेची भाषा, दोन्ही हाताशी असतील तरच तोल राहतो. म्हणून शिक्षकांना माझी विनंती : फळ्यावर क्षाराचे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी लिहा. आणि घरी नातू तो धडा वाचत असेल, तेव्हा पापडखाराचा डबा त्याच्यापुढे ठेवा. पुस्तकातला क्षार त्याला तेथे सापडेल.